‘गिअर बॉक्स बसलाय’ असं सांगितलं, तर आधी काय तपासायचं

प्रश्न खानापूरच्या एका शिक्षकांचा आहे. २०१६ची ऑटोमॅटिक सेदान त्यांनी पाच महिन्यांपूर्वी कोल्हापुरातून सेकंड हँड घेतली. मीटरवर ८१ हजार किलोमीटर. मुलगी पणजीला शिकते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने जाणं-येणं होतं. सकाळी पहिल्यांदा ‘आर’ला, म्हणजे रिव्हर्सला, टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धाडकन धक्का बसतो. घाट चढताना अर्ध्या वाटेवर इंजिन ओरडतं, पण त्या मानाने गाडी उठत नाही. एकदा पिवळा दिवा लागून गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. बंद करून पुन्हा चालू केल्यावर नीट झाली. गॅरेजवाल्याने एक ट्रायल मारली आणि सांगितलं, ‘सर, गिअर बॉक्स बसलाय, १ लाख ७० हजार होतील.’ बदलू का, असं सर विचारतात.

सर, एवढ्यात बदलू नका. बॉक्स खराब नाहीच, असं मी म्हणत नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी एकही असं नाही की ज्यावरून बॉक्स न उघडता, ऑइल न बघता, स्कॅनर न लावता निकाल देता यावा. तुमच्या गॅरेजवाल्याने यातलं काही केल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठे नाही.

मी बेळगावात उद्यमबागच्या बाजूला सव्वीस वर्षं हे काम करतोय. सुरुवातीची एक गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यामुळेच मी आज असा सावकाश बोलतो. पहिल्या दोन-तीन ऑटोमॅटिक गाड्या हाताखालून गेल्या होत्या तेव्हाची. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची गाडी आली. मधेच गिअर बदलायची नाही, कधी जोरात धक्का मारायची. मी बॉक्स उतरवला, उघडला, सगळ्या प्लेटा बाहेर काढल्या. प्लेटा कोऱ्यासारख्या होत्या. सील चांगली, ऑइल चांगलं. पुन्हा बांधला, चढवला, आणि तोच फॉल्ट. चौथ्या दिवशी सापडलं ते असं, की बॅटरीपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी झाली होती. इंजिन चालू असताना गिअर बॉक्स चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे कंट्रोल युनिटला, पुरता व्होल्टेज मिळत नव्हता. पट्टी घासून घट्ट केली आणि गाडी नीट झाली. त्या माणसाचे चार दिवस आणि मजुरी मी वाया घालवली होती. मजुरी परत दिली, पण गाडीअभावी त्याची बाजाराची फेरी चुकली ती काही परत देता आली नाही. तेव्हापासून बॉक्सच्या बोल्टला पाना लावायच्या आधी मी बाहेरचं सगळं बघून घेतो.

पहिला प्रश्न असतो, गाडीत नेमका कुठला ऑटोमॅटिक आहे. आपल्याकडे लोक ‘ऑटो गिअर’ एवढंच म्हणतात, पण त्या एका शब्दात चार वेगळी यंत्रं आहेत आणि चौघांचे आजार वेगळे. २०१४ साली सेलेरिओबरोबर एएमटी आली, ती भारतातली पहिली. आता गावोगावी जी स्वस्त ऑटोमॅटिक दिसते ती बहुतेक हीच. आत साधाच मॅन्युअल गिअर बॉक्स असतो, साधीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पाय-हाताऐवजी एक ॲक्च्युएटर करतो. दुसरा टॉर्क कन्व्हर्टर, जुना आणि दणकट प्रकार; त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, समोरासमोर दोन पंखे ऑइलमध्ये फिरतात आणि एकाने ढकललेलं ऑइल दुसऱ्याला फिरवतं. तिसरा सीव्हीटी, त्यात गिअरच नाहीत, दोन पुलींवर पोलादी पट्टा. चौथा डीसीटी किंवा डीएसजी, दोन क्लचचा. ओळखायची सोपी खूण म्हणजे लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) आहे का बघा. बहुतेक एएमटीत पी नसतो. तुमच्या गाडीत पी आहे आणि तुम्ही दिलेल्या मॉडेलवरून तो टॉर्क कन्व्हर्टर आहे. म्हणून आधी त्याचंच सविस्तर सांगतो.

कामाला हात लावायच्या आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संशयित. याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. टर्मिनल, अर्थिंगच्या पट्ट्या, गिअर बॉक्सवर येणारा मोठा कपलर काढून आत ऑइल किंवा पाणी आहे का, पिना हिरव्या झाल्यात का, हे बघायचं. खानापूर, चंदगड भागातल्या गाड्यांना मी आणखी एक गोष्ट बघतो, उंदीर. भाताची मळणी झाली की घराशेजारी लावलेल्या गाडीत उंदीर शिरतात आणि नेमकी स्पीड सेन्सरची बारीक वायर कुरतडतात. गेल्या पावसाळ्यानंतर एका गाडीला ‘बॉक्स गेला’ म्हणून दोन ठिकाणी सांगितलं होतं. आउटपुट स्पीड सेन्सरची एक वायर अर्धी तुटून नुसत्या दोन धाग्यांवर लोंबत होती. खड्ड्यात गाडी आपटली की सिग्नल जायचा आणि गाडी सेफ मोडमध्ये जाऊन एकाच गिअरला अडकायची. तुमची गाडी एकदा अडकली आणि बंद-चालू केल्यावर सुटली, तीही सेफ मोडमध्येच गेली होती. सेफ मोड हा स्वतः आजार नाही. कंट्रोल युनिटला एखादा सिग्नल पटला नाही की ते बॉक्स वाचवण्यासाठी एकच गिअर धरून ठेवतं.

मग स्कॅनर, म्हणजे कंट्रोल युनिटमधली दोषांची नोंद वाचणारं यंत्र, आणि इथे बरेच जण फसतात. साधा स्वस्त स्कॅनर इंजिनच्या युनिटमधून ‘पी ०७००’ कोड दाखवतो आणि मिस्त्री म्हणतो, बघा, ट्रान्समिशनचा कोड आला. पी ०७०० चा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनच्या युनिटने काहीतरी नोंद केली आहे, तिकडे जाऊन बघा. खरा कोड ट्रान्समिशन युनिटच्या आत असतो आणि तो वाचणारा स्कॅनर लागतो. पी ०७१५ असेल तर आत जाणाऱ्या शाफ्टचा स्पीड सेन्सर, पी ०७२० असेल तर बाहेर येणाऱ्या शाफ्टचा. पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉक-अप, दोन्ही पंख्यांना एकत्र धरणारा क्लच, बसायला हवा तेव्हा बसत नाही. पी ०७५० च्या पुढचे बहुतेक शिफ्ट सोलेनॉइडचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हचे. पी ०७३० म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या शाफ्टच्या फेऱ्यांचं गणित जुळत नाही, म्हणजे आत कुठेतरी घसरतंय; हा कोड आला की मी थोडा गंभीर होतो. तरी कोड म्हणजे पार्ट बदलायची चिठ्ठी नव्हे. कुठला भाग हलतोय याचा तो सुगावा असतो. सोलेनॉइडचा कोड आला तर आधी त्याचा रेझिस्टन्स मोजायचा, वायर तपासायची, मग तो बदलायचा.

तुमच्या गॅरेजला कोड विचारा. कोडच काढला नसेल तर १ लाख ७० हजारांचा आकडा कशावरून आला, हेही विचारा. कोड काढून पुसून टाकला असेल तर पुरावाच गेला. म्हणून माझी विनंती आहे, कुणीही स्कॅनर लावला की पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आता ऑइल, कारण तुमच्या तीनपैकी दोन लक्षणांचा रोख इकडेच आहे.

या बॉक्समध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. तेच पंप करून, दाब तयार करून बॉक्सच्या आतल्या, गिअर धरणाऱ्या क्लचच्या प्लेटा दाबल्या जातात. ऑइल कमी, तर दाब कमी. दाब कमी, तर प्लेट घसरते. घसरली की तापते. तापली की ऑइल जळतं, आणि जळलेल्या ऑइलने सील कडक होतात. सकाळी आर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काही न होणं म्हणजे रात्रभरात कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलंय किंवा मुळात ऑइल कमी आहे आणि पंपाला भरायला वेळ लागतोय, किंवा सील कडक होऊन थंडीत ती नीट बसत नाहीत. इथे एक बारीक गोष्ट तुम्हीच बघू शकता. उशीर आणि धक्का फक्त आरला होतो की डीलाही (ड्राइव्ह)? दोन्हींना होत असेल तर पंप, फिल्टर, ऑइल यांच्यावर संशय. फक्त आरलाच होत असेल तर उलट गिअरचा क्लच किंवा त्याचा व्हॉल्व्ह.

बऱ्याच नव्या बॉक्सना डिपस्टिक नसते. म्हणून ऑइल तपासणं लोक टाळतात. पद्धत अशी: गाडी सपाट जागी चारही चाकांवर सारखी उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन (न्यूट्रल)-डी असा प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवून परत पीला आणायचा. स्कॅनरवर ऑइलचं तापमान बघत बसायचं आणि कंपनीने दिलेल्या तापमानाला, बऱ्याच बॉक्सना ते ४० अंशांच्या आसपास असतं, लेव्हलचा बोल्ट उघडायचा. थेंब-थेंब गळायला लागलं तर बरोबर. काहीच आलं नाही तर कमी आहे. धो-धो आलं तर जास्त आहे, आणि जास्त असणं हाही दोषच. फिरणारे भाग त्याला घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब नसतो. तापमान न बघता हा बोल्ट उघडणाऱ्याने तपासलेलं ऑइल मी तपासलेलं समजत नाही. गरम ऑइल फुगतं, थंड बसतं, आणि अर्धा लिटरचा फरक सहज पडतो.

रंग आणि वास पांढऱ्या कागदावर बघायचा. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक बॉक्सचं ऑइल, बहुतेक लाल असतं. तांबूस-तपकिरी झालं असेल तर वय झालंय, काळजी नाही. काळपट आणि जळका वास म्हणजे प्लेटा जळल्यात. दुधाळ गुलाबी, चहाच्या सायीसारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटून त्यात कूलंट शिरलंय. ही गाडी मग एक किलोमीटरही चालवायची नाही, कारण प्लेटांवरचं अस्तर कागदासारखं असतं, ते पाणी पितं आणि सुटून येतं. पुराच्या पाण्याचंही तसंच. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं तेव्हा निपाणी भागातल्या काही गाड्या माझ्याकडे आल्या. ज्यांनी पाणी ओसरल्यावर गाडी चालू न करता ट्रकवर घालून आणली, त्यांचे बॉक्स ऑइल दोनदा बदलून वाचले. ज्यांनी ‘चालू होतेय का बघूया’ म्हटलं, त्यातले दोन वाचले नाहीत. पाणी बॉक्सच्या वरच्या, हवा ये-जा करायच्या नळीतून आत जातं, बाहेरून दिसत नाही.

ऑइल काढल्यावर चेंबर, म्हणजे बॉक्सच्या खालचं ऑइलचं भांडं, उतरवायचं. तळाला लोहचुंबक असतं. त्यावर काळसर-करडा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर घाबरू नका, एवढी झीज होतेच. पण बोटाला टोचणारे चकचकीत कण, पत्र्याचे तुकडे, किंवा तळाला काळा भुसा दिसला तर आत नक्की काहीतरी तुटलंय किंवा जळलंय. हे चेंबर तुमच्यासमोर उघडायला सांगा. या एका दृश्यावर १ लाख ७० हजारांचा निर्णय अवलंबून आहे, आणि ते बघायला तुम्हाला मेकॅनिक असायची गरज नाही.

लेप मऊ निघाला, ऑइल काळं पण जळकं नाही, तर मी काय करेन? फिल्टर बदलेन आणि ऑइल बदलेन. बोल्ट उघडून खाली जेवढं येतं, ते एकूण ऑइलच्या निम्मंच असतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून दोन-तीनशे किलोमीटर चालवायचं, पुन्हा बदलायचं, जमलं तर तिसऱ्यांदाही. मशीन लावून दाबाने धुण्याचा प्रकार मी जुन्या बॉक्सला करत नाही. गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकायची भीती असते. ‘जुनं ऑइल बदललं की बॉक्स जातो’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. माझा अनुभव असा, की ज्याच्या प्लेटा आधीच गेल्या होत्या, त्याचं पितळ ऑइल बदलल्यावर उघडं पडतं. गेलेली प्लेट नव्या ऑइलने परत येत नाही, हे मात्र खरं. तशी आशा कुणी दाखवली तर तिला पैसे देऊ नका.

ऑइल कुठलं, याला फार महत्त्व आहे. टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या बॉक्सला एसपी-४, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३, अशी प्रत्येकाची वेगळी नावं मॅन्युअलमध्ये असतात. ‘सगळ्याला चालतं’ असा डबा मी घेत नाही. सीव्हीटीत तर साधं लाल एटीएफ घातलं की पट्टा पुलीवर घसरायला लागतो आणि पुलीवर चरे पडतात. मग ती पुलीच बदलावी लागते.

आता घाट. चोर्ला चढताना अर्ध्या वाटेवर तुमची गाडी दमते, सुरुवातीला नाही. ही खूण तापमानाकडे जाते. बॉक्सचं ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांत सुखात असतं. त्याच्यावर दर १० अंशांना त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा जुना हिशेब आहे. चढावर सावकाश, जास्त ॲक्सिलरेटर देऊन चालताना कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे वेगवेगळ्या वेगाने फिरतात, लॉक-अप बसत नाही, आणि त्या घसरण्याची सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते. त्यात ऑइल मुळात कमी, आणि जुनं, म्हणजे गरम झाल्यावर पाण्यासारखं पातळ, मग दाब पडतो आणि इंजिन ओरडतं. कूलरही बघा. आपल्याकडे तांबडी माती, पावसात चिखल, आणि कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात रात्री किडे. रेडिएटरच्या जाळ्या बाहेरून कोऱ्या दिसतात आणि एसीच्या कंडेन्सरच्या मागे भरलेल्या असतात. कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेर धुवायच्या.

चालवण्याची सवय बदला, दुरुस्ती झाल्यावरही. घाट लागला की डीवर सोडून देऊ नका. लिव्हर मॅन्युअलला किंवा २ ला घ्या. डीवर गाडी दोन-तीन-दोन-तीन असा खेळ करत राहते आणि प्रत्येक बदल म्हणजे प्लेटांची थोडी झीज. खालचा गिअर धरून इंजिन थोडं मोठ्याने चाललं तरी चालेल, त्यात बॉक्स थंड राहतो. उतरतानाही खालचाच गिअर, आणि एनला टाकून गाडी सोडणं तर कधीच नाही. इंजिनचा अडसर सुटतो आणि घाटभर ब्रेक तापत जातात. निपाणीजवळच्या तवंदी घाटातही हेच.

आणि घाटात बंद पडली तर दोर बांधून ओढू नका. हे मी दर पावसाळ्यात सांगतो. बॉक्सचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आतले गिअर फिरतात, पण ऑइल कुठेच पोहोचत नाही. एक गाडी कणकुंबीजवळ तिच्यातला पेट्रोल पंप जळून थांबली होती, म्हणजे बॉक्सचा काहीच दोष नव्हता. मदतीला आलेल्या जीपवाल्याने चांगल्या मनाने दोर बांधून जांबोटीपर्यंत ओढत आणली. पेट्रोल पंप अर्ध्या दिवसात बदलला, आणि त्या ओढण्यामुळे कोरडा फिरून जळालेला बॉक्स पुढे तीन आठवडे माझ्या टेबलावर होता. इंजिन जी चाकं फिरवतं ती (बहुतेक गाड्यांत पुढची) हवेत उचलून, नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील.

थरथर वेगळी ओळखायची. साठ-सत्तरच्या वेगाने, हलक्या पायाने चाललेलं असताना गाडी एखाद्या खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरली, तर कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच किंवा इंजिनमधलं मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), दोन्ही असू शकतं. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. ब्रेकचा सिग्नल गेला की लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर कन्व्हर्टर, थांबली नाही तर प्लग-कॉइलकडे जा. लॉक-अपची थरथर बऱ्याचदा ताज्या आणि योग्य ऑइलने जाते.

धक्क्याबद्दल एकच गोष्ट राहिली, इंजिन माउंटिंग. रबर फाटलं की डी किंवा आर टाकताना इंजिन उडी मारतं आणि तो धक्का बॉक्सचा वाटतो. बॉनेट उघडून, एकाने ब्रेक गच्च दाबून एनमधून डी, मग आर टाकायचा. बाजूला उभ्या माणसाने, गाडीच्या समोर नव्हे, इंजिन किती उचलतंय ते बघायचं. तुमच्या गाडीच्या वयाला हे रबर गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र दोन-तीन सेकंदांचा उशीर माउंटिंगने होत नाही, म्हणून तुमच्याकडे दोन दोष एकत्र असू शकतात. आणि चढावर लावताना लिव्हर आधी पीला टाकून ब्रेक सोडायची सवय असेल तर तीही सोडा. ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, एनला असतानाच ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग पी. नाहीतर सगळं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर लटकतं, आणि सकाळी पीमधून काढताना खाडकन आवाज येतो तो तिचाच.

सरांचा प्रश्न टॉर्क कन्व्हर्टरचा, पण वाचणाऱ्यांत निम्म्यांकडे एएमटी असणार, म्हणून तिचंही सांगतो. एएमटीत सगळ्यात जास्त वेळा मला सापडलेला दोष म्हणजे ब्रेक लाइटचा स्विच. चिकोडीकडचा एक तरुण ऊस घालून परत येताना कारखान्याच्या गेटसमोर अडकला. फोनवर म्हणाला, ‘मामा, गिअरच पडंना झालाय, बॉक्स गेला बघा की ओ.’ मी म्हटलं, मागे कुणाला तरी उभं कर आणि ब्रेक दाब. मागचे दिवे लागत नव्हते. ब्रेक दाबलाय हे युनिटला कळल्याशिवाय ते एनमधून गिअर टाकूच देत नाही. काही शे रुपयांचा स्विच. पी असलेल्या गाड्यांतही लिव्हर पीमधून निघत नसेल तर हेच बघा. बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ एक छोटं झाकण असतं, त्याखालची कळ दाबून लिव्हर तेवढ्यापुरता सोडवता येतो.

दुसरं, दार उघडल्यावर ‘घुर्रर्र’ असा आवाज येतो त्या एएमटीत हायड्रॉलिक पंप असतो, तो दाब भरून घेतो. तो आवाज हवाच. पण गाडी नुसती उभी असताना दर थोड्या सेकंदांनी पंप पुन्हा-पुन्हा चालू होत असेल तर दाब कुठेतरी सुटतोय, किंवा दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर थकलाय. अजून गाडी चालते आहे तोवर दाखवा; पंप असाच राबत राहिला की एक दिवस तोच जळतो आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. तिसरं क्लच प्लेट. नोव्हेंबर ते मार्च संकेश्वर-हुक्केरी-चिकोडीच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा-अर्धा तास सरपटावं लागतं. एएमटीवाले ब्रेक थोडा-थोडा सोडत गाडी रांगत ठेवतात. त्या रांगण्यात प्लेट सतत घासत असते. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं तर प्लेट जाळण्याचा सगळ्यात जलद मार्ग. प्लेट बदलल्यावर स्कॅनरने क्लचचा पकडबिंदू नव्याने शिकवावा लागतो. तो न शिकवता गाडी दिली की मालक आठ दिवसांत ‘नवी प्लेट पण खराब’ म्हणून परत येतो. आणि गिअर बदलताना मान पुढे हलते, ती एएमटीची जातच आहे, दोष नाही. बदलायच्या क्षणी पाय जरा हलका करा.

सीव्हीटीत इंजिनचा आवाज एकसारखा राहून वेग नंतर वाढतो, ते घसरणं नव्हे. गरम झाल्यावर जागेवरून निघताना थरथर, किंवा वेगाबरोबर वाढणारा शिट्टीसारखा आवाज, एवढं असेल तरच दाखवा. कोरड्या क्लचच्या डीसीटीत तापमानाचा इशारा आला की बाजूला घेऊन पीला टाका, इंजिन चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. रेटून पुढे नेऊ नका.

आता सर, तुमच्यासाठी. बॅटरी-अर्थिंग, ट्रान्समिशन युनिटचे कोड, योग्य तापमानाला ऑइलची लेव्हल, माउंटिंग, आणि चेंबर उघडून लोहचुंबक, एवढं या क्रमाने होऊ द्या. मधल्या काळात चोर्ला नको. अगदीच जायचं तर अनमोडवरूनही नको, घाट तो घाटच, एसटीने जा. चेंबरमध्ये भुसा किंवा कण निघाले, किंवा पी ०७३० सारखा कोड पुन्हा-पुन्हा आला, तर मग बॉक्स उघडावाच लागेल, आणि तेव्हाही ‘आख्खा बदला’ हा एकच मार्ग नाही. प्लेटा आणि सीलचा संच घालून बांधता येतो, फक्त बांधणाऱ्याकडे बंद, धूळ नसलेली खोली हवी. चिंध्यांचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये गेला तरी सगळं पुन्हा. भंगारातला बॉक्स घालणार असतील तर त्यावरचा नंबर जुळतो का आणि युनिटशी कोडिंग कोण करणार, हे आधी विचारा.

कुठल्याही गॅरेजला दाखवणार असाल तर एक करा. गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच लावून या. तुमचा धक्का सकाळच्या पहिल्या आरलाच येतो. खानापूरहून बेळगावपर्यंत चालवत आणलीत तर गाडी गरम होऊन येईल, तो धक्का मिस्त्रीला दिसणार नाही, आणि जे दिसलं नाही ते तो अंदाजाने सांगेल. सकाळी इंजिनला हात लावायच्या आधी त्याला शेजारी बसवा, तुम्ही स्वतः चालू करा, आर टाका आणि किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजून घ्या. मग डी. दोन्ही आकडे लिहून इथे टाका, लोहचुंबकाच्या फोटोसकट. त्यावरून पुढचं सांगतो.